निम्म्या नवसाची गूळतुला

कंबर गेली ती गंगाखेडहून परत येताना, एसटीच्या शेवटच्या बाकावर. साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाल्याची बातमी घेऊन परभणी गाठायची होती. गाडी खच्चून भरलेली होती, मागचं बाक तेवढं मोकळं होतं. ते का मोकळं होतं हे वाटेतल्या एका खड्ड्यात कळलं. आधी गाडी खाली गेली, मग बाक खाली गेलं. प्रवासी मात्र वरच राहिला आणि सावकाश आला. परभणीच्या स्टँडवर उतरताना शरीर कंबरेत वाकलेलं होतं आणि सरळ व्हायला तयार नव्हतं. कंडक्टरने दारातून विचारलं, "काय हुडकायलाव साहेब? काई पडलं का?"

पडलं काही नव्हतं. सरकलं होतं.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. मी एका दैनिकाचा परभणीचा वार्ताहर होतो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. जिल्हाधिकारी कचेरीसमोर मोर्चे, धरणी, सभा यांना खंड नव्हता. त्या बातम्यांत माणसांची घरं आणि जीव गुंतलेले होते. त्या त्या वेळी लिहिल्या आहेत, त्यांची इथे भेसळ करायची नाही. हा मजकूर फक्त एका कंबरेबद्दल आहे, आणि ती कंबर पुढे ज्या पोटाखाली दिसेनाशी झाली त्या पोटाबद्दल.

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "मणक्यातली गादी सरकलीय," ते म्हणाले. "हे दुखणं कधी कमी होईल, कधी जास्त. पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही." इतकं स्वच्छ बोलणारा माणूस बातमीदाराला क्वचित भेटतो. त्यांनी चार सूचना दिल्या. फळीवर झोपायचं, वाकायचं नाही, पट्टा बांधायचा, वजन वाढू द्यायचं नाही. फळी आणली. पट्टा आणला, त्यात पोलादी पट्ट्या होत्या आणि तो बांधला की माणूस कोणाच्या तरी पुतळ्यासारखा दिसायचा. वाकणं आधीच बंद होतं. चौथ्या सूचनेला हात घालण्याआधी पेडगावहून माझी आई आली.

आईला घरात सगळे माय म्हणत. ती पेडगावला थोरल्या भावाकडे राहायची आणि सकाळच्या पॅसेंजरने परभणीला यायची. आल्यावर तिने फळीवरच्या मुलाकडे पाहिलं, सुनेकडून डॉक्टरांचं म्हणणं ऐकून घेतलं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या मारुतीकडे वळून मोठ्याने बोलली:

"देवा, माझ्या लेकराची कंबर बरी होऊ दे. त्याच्या भारंभार गूळ तुला वाहीन. तवर मी गुळाला तोंड लावायची न्हाई."

मारुती गावचा होता, पेडगावचाच, त्यामुळे कॅलेंडरवर बोललेलं त्याला पोचलं असं धरण्यात आलं.

या नवसात खरं काय पणाला लागलं हे घरच्यांना लगेच कळलं. माय दिवसातून दोनदा गुळाचा चहा प्यायची. कोरा, आलं ठेचून घातलेला, तपकिरीपेक्षा काळ्याकडे झुकणारा. सकाळचा पेला आणि दुपारी झोपून उठल्यावरचा पेला. या दोन पेल्यांच्या आधारावर तिने शेत सांभाळलं होतं, नवऱ्यामागे दोन मुलं वाढवली होती आणि शेजारणींशी भांडणंही चालवली होती. साखर तिला चालत नसे. "साखर म्हंजे नुसती गोड माती," असं ती म्हणायची. म्हणजे आता मुलाची कंबर बरी होईपर्यंत तिला फिक्का चहा. आणि डॉक्टर तर म्हणाले होते की ती पूर्ण बरी होणार नाही. हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "डागदरला काय म्हाईत, त्यानं नवस बोललाय का?"

नवसाबरोबर तिने डिंकाचे लाडूही सुरू केले. कंबरेला डिंक लागतो याबद्दल परभणी जिल्ह्यात दुमत नाही. डिंक तुपात फुलवायचा, खारीक-खोबरं कुटून घालायचं आणि गुळाच्या पाकात लाडू वळायचे. यात पाकाची चव घेऊन गूळ बेताचा ठेवावा लागतो. मायला चव घेता येत नव्हती, आणि दुसऱ्या कोणाच्या जिभेवर तिचा भरवसा नव्हता. लाडू फिक्के झाले तर लेकरू खाणार नाही, म्हणून ती अंदाजाने गूळ घालायची आणि मग वरून आणखी एक खडा टाकायची. एक घास घेतला की दाढा ठणकायच्या आणि तेवढा वेळ कंबरेचा विसर पडायचा. त्या अर्थी लाडवांचा गुण येत होता.

हे तिला कोणी सांगितलं नाही. सासूच्या लाडवांत गूळ जास्त पडतो असं बायको सांगू शकत नव्हती. तशी पद्धत आमच्याकडे नाही. माझ्यापुढे दुसरी अडचण होती. ज्या बाईने माझ्यासाठी गूळ सोडला, तिला गूळ जास्त झालाय हे कोणत्या तोंडाने सांगायचं? शिवाय ते तोंड भरलेलं असायचं. माय समोर बसलेली असायची.

"कसा झालाय?"

"चांगलाय."

"मग आनखी एक घे. एकानं काय हुतंय?"

तिच्या जोडीला गल्ली होती. दुखणाईत माणसाला बघायला रिकाम्या हाताने जायचं नसतं. कोणी मेथीचे लाडू आणले, कोणी अळिवाचे, कोणी उडदाचे. प्रत्येकीच्या घरात कोणाची तरी कंबर त्याच लाडवाने बरी झालेली होती. डबा परत करताना तो रिकामा द्यायचा नसतो, म्हणून बायको त्यात घालायला काहीतरी करायची, आणि जे केलं ते आधी पेशंटपुढे यायचं. अशा रीतीने एक माणूस फळीवर पडून होता आणि चार घरच्या चुली त्याच्यावर चालू होत्या.

वजनाची अधिकृत नोंद परभणी स्टेशनवर व्हायची. हिंडूफिरू लागल्यावर बातम्यांचं पाकीट गाडीत द्यायला मी रोज स्टेशनवर जाई. तिथे लाल-पिवळे दिवे लावलेलं वजनाचं यंत्र होतं. नाणं टाकलं की चक्र फिरे आणि एक जाड तिकीट बाहेर पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. दुखण्याआधी मी बासष्ट किलो होतो. पहिल्या हिवाळ्यानंतर एकाहत्तर आले आणि मागे छापलं होतं, 'तुमची लवकरच भरभराट होईल.' यंत्र खोटं बोलत नव्हतं. पुढच्या वर्षी अठ्ठ्याहत्तर. 'समाजात तुमचं वजन वाढेल.' त्यानंतर मी तिकिटाची मागची बाजू वाचायचं सोडलं.

दुखणं मात्र जिथल्या तिथे होतं. चालवत होतं, उभं राहवत होतं, बसवत नव्हतं. मोर्चाच्या बातम्यांना हे सोयीचं पडलं. सभेत सगळे बसत आणि मी मागे खांबाला टेकून उभा राही. कार्यालयात त्या काळचे फोटो होते. सुरुवातीच्या फोटोंत वक्ता, ध्वनिक्षेपक आणि गर्दी दिसते. नंतरच्या फोटोंत उजव्या कडेने एक पोट चौकटीत येतं. त्यावर पट्टा आहे, त्यावर वही टेकवलेली आहे. पुढे संपादकांनी कळवलं की फोटोग्राफरने थोडं डावीकडून घ्यावं.

डॉक्टर म्हणाले, "वजनाने मणक्यावर भार येतोय. चालणं वाढवा, गोड बंद करा."

"आई लाडू करते," मी म्हणालो.

"त्यांना सांगा."

"तुम्ही सांगा."

डॉक्टरांनी मायला बोलावलं. ती डबा घेऊनच गेली. डॉक्टरांच्या आईचीही कंबर दुखत होती असं बोलण्यात निघालं, आणि डबा तिथेच राहिला. नंतर डॉक्टरांनी माझ्यापुढे तो विषय काढला नाही.

अशी काही वर्षं गेल्यावर थोरला भाऊ परभणीला आला. तो सहसा येत नसे. आल्या आल्या तो खाटेवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "तुझं कितीवर गेलंय?"

"अठ्ठ्याऐंशी."

"आन् आजून वाढायलास?"

"तसं दिसतंय."

"आरं, गंगाखेडाकडच्या गुऱ्हाळवाल्याला मी सांगून ठिवलं हुतं, येवढा येवढा गूळ लागंल म्हून. दर साली जाऊन त्याला वाढीव सांगायलोय. तो इचारायलाय, पाटील, नवस हाय का लगीन?" मग त्याने आवाज खाली आणला. "गुळाचं मरू दे. मायचं बघ. दुपारी फिक्का चहा पिती आन् मग दिस मावळंपतूर कुनाची खैर न्हाई. काल बैलाला बोलली. बैल खाईना झालाय. तू एकदा म्हन, बरं झालो. आमी तुला तोलतो, गूळ वाहतो, मायला चहा पाजतो. तुझं काय जातंय?"

"दुखतंय अजून."

"दुखू दे की! म्हनायला काय हुतंय?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, भावजी सांगतात ते बरोबर आहे. आत्याबाईंकडे बघवत नाही."

ते माझ्यानेही बघवत नव्हतं. पण बरं वाटतं असं छापायला निदान एका बाजूचा दुजोरा लागतो, आणि कंबर तो देत नव्हती. शिवाय माय मला पाठ वाकवायला लावेल आणि खोटं तिथेच पकडेल हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. भाऊ जेवला, चार लाडू खाऊन म्हणाला, "लय गोड करती राव ती," आणि पॅसेंजरने परत गेला.

पुढच्या आठवड्यात माय स्वतः आली. भावाने काहीतरी सांगितलं असणार. तिने मला उभं केलं, पदर खोचला आणि बाजारात बैल घेताना करतात तशी तपासणी सुरू केली.

"चाल."

चाललो.

"फळीवरनं कुनी उठवावं लागतंय का आता?"

"नाही."

"पैलं लागायचं. हे झालं एक. खाली बस."

"बसवत नाही, माय."

"हे ऱ्हायलं. हुबं ऱ्हाऊन किती येळ?"

"सभा संपेपर्यंत."

"हे झालं. वाक."

वाकण्याचा प्रयत्न झाला. पोट आणि पट्टा यांनी मिळून तो हाणून पाडला.

"हे ऱ्हायलं. कुशीवर नीज लागती?"

"लागते."

"पाटीवर?"

"नाही."

झालेलं ती एका हाताच्या बोटांवर मोजत होती, राहिलेलं दुसऱ्या. दोन्ही हातांवर सारखीच बोटं आली. तिने पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढीच. मग भिंतीकडे वळून, नव्या वर्षाच्या कॅलेंडरातल्या मारुतीकडे बघत, तिने निकाल दिला. "त्यानं निम्मं केलंय. मंग आमी निम्मं फेडतो. बाकीचं तो करील तवा."

"निम्मी कंबर तोलणार कशी?" बायकोने विचारलं.

"ते शनवारी बघू," माय म्हणाली. हिशेबात मला कुठे चूक सापडली नाही. तिने एकही मुद्दा वाढवला नव्हता आणि एकही लपवला नव्हता. असं वार्तांकन आमच्या कार्यालयातही रोज होत नसे.

शनिवारी पेडगावच्या मारुतीपुढे तुलेची तयारी झाली. भुसार दुकानदाराचा मोठा तराजू आणला होता. त्याच्या पारड्यात मांडी घालून बसणं मला शक्य नव्हतं. उभा राहिलो तर पारडं फिरायचं आणि देवाकडे पाठ व्हायची. गुरवाने ते चालणार नाही असं सांगितलं. "देवाला पाट दावून तुला कशी हुईल?"

मग भावाने बैलगाडीचं जू काढून आणलं. जू दोन्ही बाजूंना सारखं असतं, मधोमध दोर बांधला की काटाच. तो कडुलिंबाच्या फांदीला टांगला आणि दोन टोकांना दोन बाजा बांधल्या. एक बाज हलकी निघाली, तिच्यात दगड ठेवून बरोबरी केली. मला बाजेवर उताणं निजवलं, गुरवाने गळ्यात हार घातला, कपाळाला शेंदूर लावला, आणि चौघांनी बाज सारखी करायला ती चार पायांना धरून उचलली.

मायचा आवाज देवळाबाहेर गेला असेल. "आरं मेल्यांनो, सोडा! चौघं सोडा! तोलायलाव का पोचवायलाव?"

चौघांनी एकदम सोडल्यामुळे मी बाजेसकट जमिनीला टेकलो आणि समोरची रिकामी बाज वर हेलकावे खात राहिली. गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "पालथं घाला की. पालथं कुनाला नेत न्हाईत." तोडगा सर्वांना पटला. डॉक्टरांनीही पालथं झोपू नका असं सांगितलं नव्हतं. मी पोटावर झोपलो, कोपरांवर छाती उचलली आणि मारुतीकडे तोंड केलं. रांगायच्या आधीचं मूल असतं तसं ते दृश्य होतं. फक्त मुलाला चष्मा होता, मिशा होत्या आणि वजन नव्वदच्या पुढे होतं.

समोरच्या बाजेवर गुळाच्या भेल्या लागायला लागल्या. भावाने निम्माच गूळ आणला होता. सगळ्या भेल्या ठेवून झाल्या, तरी माझी बाज जमिनीवरून हलली नाही.

"आता निम्म्याच्या जागी काय ठिवायचं?" भावाने विचारलं. "दगड ठिवू?"

"देवाच्या पारड्यात धोंडे?" गुरव म्हणाला.

"मी बसते," माय म्हणाली. "निम्मा नवस माझ्या अंगावर ऱ्हायलाय ना? मंग त्या निम्म्यात मीच."

कोणी काही म्हणायच्या आत ती समोरच्या बाजेवर चढून भेल्यांच्या मधे बसली. तिने मांडी सहज घातली. माझी बाज जरा करकरली, पण जमिनीवरच राहिली. माय कमी पडत होती. फिक्क्या चहाच्या वर्षांत ती वाळली होती. हे मला त्या दिवशी, बाज हलली नाही तेव्हा, दिसलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मग बराच वेळ शेजारच्या भेलीकडे बघत होती.

"आनखी लागतंय," गुरव म्हणाला.

भाऊ घरी पळाला आणि रोजच्या खाण्यातली भेली घेऊन आला. ती ठेवल्यावर मी जमीन सोडली. जू आडवं झालं. लोकांनी मारुतीचा जयजयकार केला आणि आम्ही मायलेक कडुलिंबाखाली समोरासमोर लोंबकळत राहिलो.

"म्हंजे देवाला निम्म्यापेक्षा जास्तीच गेलं की," भाऊ धापा टाकत म्हणाला.

"जाऊ दे," माय बाजेवरून म्हणाली. "जास्तीचं त्याच्या कंबरंत घाल म्हनावं."

गूळ देवापुढे ठेवला, फोडून गावात वाटला. गुरवाच्या बायकोने त्यातलाच खडा घालून मायसाठी कोरा चहा केला आणि पेला भरून आणला. मायने पेला हातात घेतला, मग दुसरा पेला मागितला आणि त्यात निम्मा चहा ओतून तो माझ्यापुढे सरकवला.

"पूर्ण घ्या की आत्याबाई," बायको म्हणाली.

"निम्माच फिटलाय," माय म्हणाली.

तिने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे उभे होतो. भावाने बैलाकडे बघितलं. दुसऱ्या घोटानंतर मायने डोळे उघडले आणि तिला एकदम आठवण झाली. पिशवीतून तिने लाडवांचा डबा काढला. माझ्यासाठी पहाटे केलेले होते. एक लाडू फोडला, निम्मा परत डब्यात ठेवला आणि उरलेला तोंडात टाकला.

तिचं चावणं थांबलं.

"ये बाई गं," ती म्हणाली. "असलं करत हुते मी?"

बायकोने डब्याचं झाकण लावलं.

"हे मानूस खाईल का? आन् तू खात हुतास? येवढी वरसं?" ती माझ्या पोटाकडे बघत होती, आणि ते पोट तिला तेव्हा पहिल्यांदा नीट समजत होतं. "बोलला का न्हाईस रं?"

"तू विचारायचीस, कसा झालाय. मी म्हणायचो, चांगलाय."

"बातमीवाला म्हनं," ती गुरवाच्या बायकोला म्हणाली. मग घास गिळून, चहाचा शेवटचा घोट घेऊन तिने निकाल दिला. "याला निम्माच गूळ बास हाय."

त्या दिवसापासून लाडू निम्म्या गुळाचे झाले आणि पहिल्यांदाच चांगले लागायला लागले, त्यामुळे मी ते जास्त खाऊ लागलो. स्टेशनच्या यंत्रावर काही फरक दिसला नाही. माय सकाळी गुळाचा चहा घेई, दुपारी फिक्का. दुपारनंतर तिच्यासमोर बैल बांधायचा नाही, असा नियम पेडगावच्या घरात शेवटपर्यंत होता.

परभणीला आली की ती आधी माझ्या कंबरेवर अंगठा दाबायची.

"ऱ्हायलेलं कसं हाय?"

"आहे, माय."

"असू दे," ती म्हणायची आणि डबा उघडायची. "सकाळचा मिळायलाय मला."